तसली दोनच इंजिनं

माझा भाऊ गिऱ्हाइकाला नाव-गाव विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा. "ताकद कुठं पायजे, खाली का वर?" ज्याला कळायचं तो लगेच सांगायचा. ज्याला कळायचं नाही तो म्हणायचा, दोन्हीकडं द्या की राव. मग भाऊ हातातलं काम खाली ठेवून दोन चहा मागवायचा, कारण आता इथं वेळ जाणार हे ठरलेलं असायचं.

नारायणगावात, जुन्नरकडं जाणाऱ्या रस्त्यालगत एका बोळात त्याचं गॅरेज होतं. पुढं पत्र्याची शेड, मागं घर, आणि दोन्हीला मिळून एकच लोखंडी गेट. साध्या मोटारसायकली सगळेच दुरुस्त करतात. भावाकडं यायचे ते डोंगरात गाडी घालणारे. घोडेगावच्या पुढं पश्चिमेला जिथं डांबर संपतं, तिथल्या वाड्यावस्त्यांवर ज्यांचं रोजचं काम आहे असे लोक. गुरांचे डॉक्टर, पंप दुरुस्त करणारे, लसीचे डबे नेणारे. त्यांना गाडी पासिंग झालेली, दिव्याची, नंबरप्लेटची लागते, कारण अर्धा रस्ता हायवेचा. आणि तीच गाडी ओढ्यातल्या गोट्यांवरून चढायला लागते, कारण उरलेला अर्धा तिकडं. सगळी अडचण इथंच आहे. एका इंजिनाकडून ही दोन्ही कामं चांगली होत नाहीत. एक चांगलं होतं, दुसरं चालवून घ्यावं लागतं.

मी त्याची धाकटी बहीण. सासर माझं जवळच आहे, नवरा टोमॅटो आणि थोडी द्राक्षं बघतो. मुलं शाळेत जायला लागल्यावर मी भावाच्या काउंटरवर बसायला लागले आणि हळूहळू काउंटर सोडून आत गेले. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, माझ्याकडं असायचा. व्हॉल्व्ह घासून बसवायचे, टॅपेटचा गॅप धरायचा. खालचा भाग त्याच्याकडं. आमची भांडणंही त्याच वाटणीनं व्हायची.

डोंगरात गाडी माणसाच्या चालीनं चालते. तिथं खालची ताकद लागते, म्हणजे इंजिनानं हळू फिरत असतानाच ओढलं पाहिजे आणि काही झालं तरी बंद पडता कामा नये. चढावर बंद पडलं की गाडी मागं सरकते, आणि मागं काय आहे ते बघायला सवड मिळत नाही. म्हणून क्रँकबरोबर फिरणाऱ्या चाकाचं, ज्याला आम्ही मॅग्नेट म्हणतो, त्याचं वजन वाढवायचं. जड चाक एकदा फिरायला लागलं की सहजी थांबत नाही. पण तेच जड चाक हायवेवर ट्रकच्या पुढं जाताना वेग घ्यायला कुरकुरतं. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढवलं तर ताकद येते, पण डोंगरात पहिल्या गिअरमध्ये, वारा न लागता, तेच इंजिन भाजून निघतं. थंड करायला रेडिएटर लावावा तर गाडी पहिल्यांदा पडली की तो दगडावर फुटतो. भाऊ म्हणायचा की आपण नवीन काही देत नाही, या खिशातलं त्या खिशात घालतो.

स्वतःसाठी मात्र त्यानं सगळं एकाच खिशात घातलं होतं. त्यानं आपल्या गाडीचं इंजिन संपूर्ण खालच्या ताकदीचं बांधलं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, लांब, कॉम्प्रेशन बेताचं, मॅग्नेटवर पोलादी कडं चढवून त्याचं वजन वाढवलेलं. गाडी उभी असताना त्याचा एकेक ठोका सुटा ऐकू यायचा. धप. मग आता हे बंद पडलं असं वाटायचं. मग पुन्हा धप. संध्याकाळी तो चकरा मारून यायचा तेव्हा बोळाच्या तोंडाशीच आवाज कळायचा आणि वहिनी गेट उघडायला उठायची. पुढं डिंभे धरणाच्या पलीकडं काम करणाऱ्या एका पंपवाल्यानं हट्ट धरला म्हणून तसंच दुसरं इंजिन बांधून दिलं. तसली दोनच.

मागच्या दिवाळीनंतर भाऊ गेला. सकाळी आंघोळीला म्हणून आत गेला आणि बाहेर आला नाही. लोकांना हे पटायचं नाही. भेटायला येणारे विचारायचे, कुठल्या घाटात झालं. बाथरूमात, म्हटलं की थोडे नाराज व्हायचे.

त्या वेळी त्याचं स्वतःचं इंजिन टेबलावर उघडं होतं. आमच्याकडच्या गॅरेजवाल्यांत एक रीत आहे. मिस्त्री गेला की त्याच्या हातचं उघडं इंजिन वर्ष होईपर्यंत कुणी जोडायचं नाही. शटर उचलायचं नाही. गिऱ्हाइकानंही त्या दारात लोखंड घेऊन जायचं नाही. मला ही रीत कधी पटली नाही. पण घर दुःखात होतं, भाऊबंद सांगत होते, तेव्हा मी सगळ्या भागांना तेल लावलं, वर जुनी चादर टाकली आणि गप्प बसले. भाच्यानं बापाच्या गाडीचा सांगाडा कुणाला तरी देऊन टाकला. इंजिन तेवढं राहिलं.

उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला. तो चाकणला कारखान्यात आहे, चांगला मुलगा आहे, आईला फोन केल्याशिवाय झोपत नाही. म्हणाला, "आत्या, आई रोज दिवेलागणीला उठून गेट उघडती. शेजारच्यांनी सांगितलं. मी विचारलं तर म्हणती, गाडी आली."

मी म्हटलं, सवय आहे, जाईल.

तो म्हणाला, सवय असती तर मी फोन केला नसता. त्याचं खरं होतं. आमच्या बोळाच्या टोकाला ऊस लागतो. आमच्या भागात बिबट्यामुळं अंधार पडायच्या आत दारं लागतात, कुत्रीसुद्धा आत घेतात. आणि ही बाई रोज नेमकी त्याच वेळी गेट सताड उघडून उभी राहते. शेजारच्या घरात लहान मुलं होती. ते लोक एकदा गोड बोलले, दुसऱ्यांदा गोड बोलणार नव्हते. भाच्यानं ठरवून टाकलं होतं. येत्या रविवारी टेम्पो घेऊन यायचं, आईला चाकणला न्यायचं, पुण्यात डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचं आणि गॅरेज कुणाला तरी गोदामाला द्यायचं. वहिनीनं फोनवर एवढंच सांगितलं होतं की ती येणार नाही. लग्न होऊन आल्यापासून ती या गेटाच्या आत होती. ती तिथं राहणार की नाही, हे त्या रविवारी ठरणार होतं.

मी मंगळवारीच जाऊन राहिले. वहिनी वाळली होती. दुपारी तिनं अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली माझ्याकडं सारली. वेडी मात्र दिसत नव्हती. टोमॅटोचा बाजार विचारला, माझ्या गुडघ्याचं विचारलं, शेजारणीच्या सुनेबद्दल दोन वाईट गोष्टी सांगितल्या. मला हायसं वाटलं.

संध्याकाळी ती मेथी निवडत होती. मी पंख्याखाली बसले होते. तेवढ्यात आवाज आला.

मी तो आवाज इतकी वर्षं ऐकलाय की चूक होणं शक्य नव्हतं. आधी बोळाच्या तोंडाशी, मग जवळ, मग गेटाशी येऊन उभा. धप. मधली ती जागा. धप. हाताचे केस उभे राहिले. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं की हेडातून बारीक टिकटिक येतेय, टॅपेट ढिले झालेत. माणसाचं डोकं एका वेळी दोन कामं करतं.

वहिनीनं मेथी बाजूला ठेवली, दिवा लावला, चपला घातल्या. मी तिच्या मागं गेले. दिवा लागताच बाहेरचा आवाज वाढला, हलला आणि लांब जायला लागला. तिनं कडी काढली, गेट ओढलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. जळक्या तेलाचा वास होता. ती तिथं उभी राहिली, घाई नाही, रडणं नाही, एखादा माणूस एसटीची वाट बघतो तशी. मग गेट लावलं आणि म्हणाली, "चला वन्सं, जेवून घेऊ."

जेवण झालं. मग शेडमध्ये गेले आणि चादर उचलली. भावाचं इंजिन होतं तसंच होतं. हेड बाजूला काढलेलं, पिस्टनचं डोकं उघडं, तेलावर धूळ बसलेली. हात लावला, थंड. हे चालणं शक्य नाही, तर बोळात आलं ते दुसरं. एवढा साधा हिशेब. मला लई बरं वाटलं. त्या पंपवाल्याला पकडून वहिनीसमोर उभा करायचा, म्हणजे रविवारच्या आत सगळं मिटेल असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधीच मी गेटाबाहेर जाऊन शेजाऱ्यांच्या टोमॅटोच्या क्रेटआड उभी राहिले. बिबट्याचा विचार आला नाही असं नाही. गाडी आली. वर पस्तिशीतला माणूस, गळ्यात टॉवेल. त्यानं गाडी गेटासमोर लावली, इंजिन चालूच ठेवलं आणि बंद गेटाकडं बघत बसला.

मी पुढं होऊन विचारलं, "कोण पायजे?"

तो असा दचकला की गाडी पडता पडता राहिली. "कोन न्हाई, ताई. असंच."

"रोज असंच?"

त्यानं इंजिन बंद केलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डोंगरातलं पंपाचं काम सुटलं होतं. आता तो मंचरच्या बाजूला एका शीतगृहात होता, राहायला नारायणगावात सासुरवाडीला, आणि रोज हायवेनं जाणं-येणं. ही गाडी हायवेवर म्हणजे शिक्षा. वेग घेत नाही, घेतला तर हातांना मुंग्या येतात, मागं ट्रकवाले हॉर्न देत राहतात. दोन-तीन गॅरेजांत फिरला. सगळ्यांनी सांगितलं, गेलेल्या माणसाच्या हातचं काम, आम्ही उघडत नाही, त्याच्या घरीच विचार.

"मंग विचारायचं व्हतं," मी म्हटलं.

"कसं विचारणार, ताई? वरीस झालं न्हाई. दुखवट्याच्या घरात लोखंड घेऊन यायचं? आन् दिवसा ड्यूटी. ह्या टायमाला असल्या घराला हाक मारत न्हाईत. म्हटलं कोन भाईर आलं तर बोलावं. तर दिवा लागायचा आन् मला वाटायचं, उगं तरास दिला. मंग जायचो."

म्हणजे हा माणूस संकोचानं रोज दारात येऊन उभा राहत होता आणि संकोचानंच पळत होता. आमच्याकडच्या लोकांचं हे असं आहे. हायवेवर समोरून ट्रक आला तरी बाजूला होणार नाहीत, पण दार वाजवायची लाज.

मी त्याला आत घेतलं. वहिनीनं चहा टाकला. मी तिला सगळं नीट समजावलं. इंजिनं दोन, एक शेडमध्ये उघडं पडलंय, दुसरं हे, बाहेर येतं ते हे. त्याला गाडी चालू करायला लावली. वहिनीनं कप हातात धरून ऐकलं. मग त्याला गाव विचारलं, मुलं किती, सासू नीट वागवते का. तो म्हणाला, सासू बरी, सासरा कटकट्या. वहिनी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण हसल्यावर तिनंच पदर तोंडाला लावला.

तो गाडी ठेवून चालत घरी गेला. जाताना काहीच न बोलता गेला. दुखवट्याच्या घरातून निघताना येतो म्हणायचं नसतं, तेवढी रीत त्यानं पाळली. रात्री वहिनीनं पूर्ण भाकरी खाल्ली आणि मी मनातल्या मनात रविवारचा टेम्पो रिकामा परत पाठवला.

गुरुवारी सकाळी मी शटर उचललं. आवाजानं चुलत भाऊ आला, वयानं मोठा. बाईमाणसानं तरी रीत पाळावी, एवढं बोलून तो उंबऱ्यात उभा राहिला. मी म्हटलं, "रीत पाळली तर बेरिंग गंजतं. गंजलेलं बेरिंग तुमी घेऊन जा, घरी पाळा." तो गेला. पण जाताना चपलेनं उंबऱ्याबाहेरची माती सारखी केली, जशी आपण कुणाच्या तरी वस्तूला धक्का लागल्यावर ती परत नीट करतो. ते मला आवडलं नाही.

पंपवाल्याचं इंजिन खाली उतरवून मी भावाच्या टेबलावर घेतलं. चादरीखालचं सरकवून शेजारी जागा केली. तेल काढलं, हेड उचललं. आत सगळीकडं भाऊ होता. कडेला पंचनं मारलेला ठिपका, जोडताना कुठली बाजू वर हे कळायला तो मारायचा. बोल्ट घट्ट करायची त्याची ती पद्धत, शेवटची ओढ जास्तच. सोडवताना मला दर वेळी मनगट आवळावं लागत होतं, कारण पलीकडून त्याच्या मनगटाचा जोर अजून तिथं होता. मी भावुक बाई नाही. पण गेलेल्या माणसानं ओढून ठेवलेला बोल्ट सोडवणं हे काम कुणी करून बघावं.

व्हॉल्व्ह उघडणारा कॅम काढून उजेडात धरला. त्याच्या डोक्यांवर खड्डे पडले होते. हे होणार हे मी भावाला सांगितलं होतं. इंजिन इतकं हळू फिरवलं की तेलाचा पंपही हळू फिरतो आणि तेल हेडापर्यंत नीट चढत नाही. गाडी चालताना काही नाही, पण उभी असताना, त्या धप आणि धपच्या मधल्या जागेत, वरचा भाग कोरडा घासत राहतो. मी म्हणायचे, ठोके वाढव. तो म्हणायचा, आवाज तर ऐक. तो आवाज लोकांना आवडायचा, बोळातली पोरं थांबून ऐकायची, आणि तोच आवाज इंजिन खात होता. चादर उचलून भावाच्या इंजिनाचा कॅमही बघितला. तसेच खड्डे. त्यासाठीच त्यानं ते उघडलं असणार. माझं बरोबर होतं हे सांगायला तो राहिला नाही, किंवा त्याला सांगायचं नव्हतं.

मग मी पंपवाल्याच्या इंजिनाच्या एका खिशातलं काढून दुसऱ्या खिशात घालायला घेतलं. मॅग्नेटवरचं पोलादी कडं तापवून काढलं. ते निघताना एक लांब आवाज झाला, आणि मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं, वहिनी आत भांडी घासत होती. थोड्या जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन कपाटात होता. कॅम साधा, नवीन मागवला. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, लहान, म्हणजे हायवेवर इंजिन कमी ओरडेल. लांब स्ट्रोक मात्र क्रँकमध्येच असतो, तो बदलला नाही. मूळ स्वभाव थोडा राहणार, हातांना थोड्या मुंग्या राहणार. पंपवाल्याला मी फोनवर सांगितलं की आता डोंगरात नेलीस तर चढावर बंद पडेल, तेव्हा शिव्या द्यायच्या नाहीत.

संध्याकाळ झाली तेव्हा दोन्ही इंजिनं माझ्यासमोर टेबलावर होती. दोन्ही उघडी. एकाचं हेड माझ्या उजव्या हाताला, दुसऱ्याचं डाव्या. शटर मी अर्धं खाली ओढलं होतं, वर ट्यूब चालू होती, हातात टॅपेटचा गॅप मोजायची पट्टी. हे सगळं इतकं बारीक लिहिते कारण त्यानंतर जे झालं त्यात माझ्याकडून काही गाळलं जाऊ नये.

बोळाच्या तोंडाशी आवाज आला. मी मान वर केली नाही. आधी मनात म्हटलं, हायवेवरचा ट्रक. मग म्हटलं, भाजीवाल्या व्यापाऱ्याचा जनरेटर. पण जनरेटर चालत गेटापर्यंत येत नाही. आवाज जवळ आला आणि गेटाशी उभा राहिला. धप. मी थांबले. धप. त्यात टिकटिक नव्हती. हेड अगदी नीट बसवलेलं होतं.

आत दिवा लागला. वहिनीच्या चपला वाजल्या. माझ्या समोरून, शटरच्या खालून तिचे पाय गेटाकडं जाताना दिसले. कडी निघाली. इंजिनाचा आवाज नव्हता.

मी शटरखालून बाहेर आले. रस्ता मोकळा, उसात काही हालचाल नाही, कुत्रं नाही. तेलाचा वास नव्हता, हे मी मुद्दाम बघितलं.

"वहिनी," मी म्हटलं, "ती गाडी तर आत खोललीय."

"व्हय की," ती म्हणाली. "मी कुठं म्हणते तीच हाय?"

आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी नुकतीच रांगायला लागलेय. मग तिनं गेट लावलं. मी आत जाऊन काम पुढं चालू केलं, कारण दुसरं काय करणार. त्या रात्री मी शेडची ट्यूब बंद केली नाही.

शुक्रवारी असंच झालं. शनिवारी दुपारी गाडी जोडून झाली, चालू केली. आवाज बदलला होता, भरभर, गोल, कुठल्याही गाडीसारखा. पंपवाला खुशीत घेऊन गेला, हायवेला एक फेरी मारून परत आला आणि म्हणाला, "ताई, लई भारी. पन ही आता मिस्त्रीची वाटत न्हाई." मी म्हटलं, नाहीच आहे ती. त्या संध्याकाळीही वहिनी उठली, कडी काढली, उभी राहिली, कडी लावली आणि जेवली.

रविवारी भाचा टेम्पो घेऊन आला. आधी शेजाऱ्यांनी त्याला बाहेर गाठलं, मग तो आत आला. वहिनी चुलीशी होती, आम्ही दोघं शेडमध्ये बसलो.

"आत्या, त्या माणसाची गाडी होती ना ती? ती तर आता दुरुस्त झाली. मग आई अजून का उठती?"

मी त्याला हो-हो करून पाठवू शकले असते. पण तो माझ्या भावाचा मुलगा आहे, आणि वहिनीला नेण्यासाठी आलेला आहे, त्याला खोटं सांगितलं तर ते चारच दिवस टिकलं असतं. मी म्हटलं, "कारण अजून येती."

"कोण येती?"

"गाडी. मी बी ऐकली. इथं बसून. दोन्ही इंजिनं खोललेली व्हती तेव्हा."

त्यानं टेबलावरच्या उघड्या इंजिनाकडं बघितलं. मग म्हणाला, "म्हंजी मला दोघींना न्यावं लागंल."

"टेम्पो मोठा आणलायस ना?"

त्याला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तो बापावर गेलाय. पण त्यानं हट्ट सोडला नाही, आणि सोडू नये असंच होतं. उद्या खरंच बिबट्या आत आला तर? शेजारच्या पोराला काही झालं तर? हे कोण निस्तरणार? त्याचा एकेक प्रश्न बरोबर होता.

तोपर्यंत वहिनी दारात येऊन उभी होती. तिनं हात पदराला पुसले. "मी येत न्हाई असं न्हाई," ती मुलाला म्हणाली. "तुझ्याकडं यायला काय झालं. पन मी गेल्यावर हितं गेट बंद. त्यांनी यावं आन् माघारी जावं, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. ती सवय न्हाई मला."

चुलीवरचं करपायचा वास आला तेव्हा ती आत गेली.

मी त्या घरात आयुष्यभर हेच बघत आले होते, की माणूस दोन गोष्टी मागतो आणि मिस्त्रीनं त्यातून चालणारं काहीतरी काढायचं असतं. गेट बंद राहिलं तर वहिनी राहत नाही. गेट अंधारात उघडलं तर शेजारी राहू देत नाहीत. मी भाच्याला म्हटलं, गोदामाला देऊ नकोस. मला दे. मी उद्यापासून शटर उचलते, आठपर्यंत गॅरेज चालू ठेवते. बाहेर मोठा दिवा लावते. उजेड, माणसं, गाड्या, त्यात बिबट्या फिरकत नाही. आणि गॅरेज चालू असलं की गेट उघडंच असतं. कुणाला उठावं लागत नाही.

"वर्ष झालं नाही, आत्या. भाऊबंद बोलतील."

"बोलू दे. त्यांच्या गाड्या नीट करून दिल्या की गप्प बसतील."

तो बराच वेळ पायानं फरशी घासत बसला. मग बाहेर जाऊन शेजाऱ्यांशी बोलला, दिवा कुठं लावायचा ते त्यांनाच विचारून ठरवलं. एवढी अक्कल मला सुचली नव्हती. टेम्पोत कांद्याची दोन पोती घालून तो चाकणला गेला.

आता तसंच चालतं. संध्याकाळी गिऱ्हाईक जास्त येतं, कारण दिवसा सगळ्यांना काम असतं, ते त्या पंपवाल्यानं आधीच सांगितलं होतं. गाड्या येतात, थांबतात, काही जण भाव विचारून निघून जातात. मी हेडात डोकं घालून असते आणि येणाऱ्या प्रत्येक आवाजाला वर बघत नाही. वहिनी भाजीचं ताट घेऊन शेडमध्ये स्टुलावर बसते. भाकरी पूर्ण खाते. भाचा फोनवर विचारतो, आई अजून गेट उघडती का? मी सांगते, नाही. आता फक्त लावावं लागतं. तेही तिच्याकडंच दिलंय. आठ वाजता मी शटर ओढते, मोठा दिवा चालूच ठेवते, आणि ती गेटाकडं जाते. लावायला तिला थोडा वेळ लागतो. मी हात धुवत थांबते, घाई करत नाही.